अर्ध्या लुगड्याचा गूळ

मागावरून लुगडं उतरलं की तुळसाबाई देवीच्या तसबिरीपुढे गुळाचा खडा ठेवी आणि म्हणे, "तुह्या किरपेनं झालं, माय." मग तोच खडा मोडून नवऱ्याच्या अन् मुलीच्या हातावर देई. नागपुरातल्या कोष्ट्यांच्या वस्तीतल्या त्या घरात ही रीत तिच्या सासूनं घालून दिली होती. तिचे यजमान दादाजी नावाजलेले विणकर, त्यांनी विणलेल्या काठात इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्यालाही खोट सापडत नसे. तुळसाबाई त्यांना सूत गुंडाळून कांड्या भरून देई. महिन्याला सहा-सात लुगडी उतरत, आणि खरं सांगायचं तर गूळ ठेवताना तिचं निम्मं चित्त चुलीवरच्या भातात असे.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात दादाजींना काठाचे धागे दिसेनासे झाले. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, अंदाजानं विणत राहिले. एका सकाळी आडवा धागा नेणारा धोटा हातातून सुटून मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात पडला, आणि तो चाचपता चाचपता ते तिथेच रडायला लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती.

मागावर लुगडं अर्धं झालेलं होतं.

पंधरा दिवस कोणी त्याला हात लावला नाही. तुळसाबाईनं तसबिरीकडे पाहणंही सोडलं. दिवा लावायचा तो प्रेमलता, तिची मुलगी, लावी. शेजारची प्रयागबाई दुपारी भाकरी-भाजी आणून ठेवी आणि काही न विचारता निघून जाई.

मग एका दुपारी तुळसाबाई पदर खोचून स्वतःच खड्ड्यात उतरली. वीस वर्षं तिनं विणणं पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. धागे तटातट तुटत. दादाजी भिंतीला टेकून बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "ठोका हलका पडून राहिला वं. जोरानं मार."

दीड महिन्यानं लुगडं उतरलं. अर्ध्यापासून पुढं काठ वाकडातिकडा गेलेला. तुळसाबाईनं फळीवरचा डबा काढला. झाकणाचा आवाज दादाजींनी ओळखला.

"काहून काढून राहिली गूळ? माहे डोळे घेतले, त्याचा?"

तिचा हात थांबला.

"डोळ्याचा नाही जी. त्याचं देवीसंगं माह्यं भांडन हाय, अन् ते मी सोडत नाही. पन प्रयागबाईनं रोज भाकरी आनली, तुमी मले शिकवलं, हे माह्या हातानं झालं. हे बी तं कोनी तरी देलंच ना? भांडन हाय म्हनून हे भेटलंच नाही म्हनू का?"

ती तसबिरीपुढे बसली. इतकी वर्षं सरसर म्हटलेले शब्द आज सहज येत नव्हते. एकेक शब्द तिनं ओढून काढला, आणि आपण काय म्हणतो ते तिला पहिल्यांदाच ऐकू आलं. दादाजींच्या तळहातावर तिनं खडा ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही, पण टाकलाही नाही. मुठीत चिकट होईपर्यंत धरून बसले.

व्यापाऱ्यानं ते लुगडं परत केलं. तुळसाबाईनं ते प्रयागबाईला नेसवलं, आणि ती बाई ते तीन दिवाळ्या मिरवत हिंडली.

पुढं तुळसाबाई विणायला लागली आणि दादाजी बोटांच्या अंदाजानं कांड्या भरायला. कधीकधी गूळ ठेवण्याआधी ती देवीला दोन शब्द सुनावी, मग आभार मानी. एके दिवशी दादाजींनी आपणहून विचारलं, "गूळ ठेवला का वं?" तिनं नुसतं "हो" म्हटलं, आणि बाहेर जाऊन डोळे पुसले.

एकोणऐंशीत प्रेमलतेला शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. घर माणसांनी भरून गेलं. चहा गाळता गाळता तुळसाबाई उठली आणि आतल्या खोलीत तसबिरीपुढे जाऊन बसली.

"आई, लोकं बसले हायेत अन् तू इथं काय करून राहिली?" प्रेमलता दारातून म्हणाली.

"येते वं. खुशीत मले देवीचा इसर पडते. आता नाही बसली तं राहूनच जाईल."

भिंत चाचपत दादाजीही आले आणि तिच्याशेजारी टेकले. दोघं डोळे मिटून जरा वेळ बसले. तेवढ्यात बाहेरून प्रयागबाई ओरडली, "अवं तुळसे, साखर कुठं ठेवली?"