मतदार यादीतली सून

खराडीच्या ज्या कंपनीत नंदाबाई तायडे रोज सकाळी फरशी पुसतात, तिथल्या पोरींना वाटतं, बाईंचा गुडघा दुखतो. गुडघा दुखतोच, पण बाई थकल्या आहेत त्या गुडघ्याने नव्हे. गेल्या काही महिन्यांत त्यांना कायदा कळायला लागलाय, आणि साठीच्या तोंडावर कायदा कळणं फार जड जातं.

मुलगा एकच, धम्मदीप. विश्रांतवाडीहून हिंजवडीला कंपनीची बस नेतो. म्हणजे चालवतो कमी, ट्रॅफिकमध्ये उभी जास्त ठेवतो. त्याची बायको म्यानमारची. खिन खिन मो तिचं नाव. विद्यापीठात पाली शिकायला आली आणि दर रविवारी विश्रांतवाडीच्या विहारात वंदनेला यायला लागली. ती त्रिशरण म्हणायला लागली की बायका पदराआड हसायच्या. शब्द तेच, पण ‘सरणं’चं ती ‘थरणं’ करायची. पुढे तिने असं काही मराठी उचललं की हसणाऱ्या बायकांचीच पंचाईत झाली.

धम्मदीपने लग्नाचं काढलं तेव्हा नंदाबाई रात्रभर तळमळल्या. मुलगी देशाबाहेरची. पण आपल्या घरात धम्म आला तो सासऱ्यांच्या वेळी, आणि हिच्या घरात तो हजार वर्षांपासून नांदतोय. नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? पांढरी साडी नेसून, भंतेजींपुढे, अख्ख्या वस्तीच्या साक्षीने लग्न लागलं. रिवाजाप्रमाणे सुनेचं नाव बदललं आणि नंदाबाईंनी ते हौसेने खेमा ठेवलं. फोटो निघाले, पंगती उठल्या. नोंदणी करायची मात्र कुणाला सुचलं नाही. आपल्याकडे लग्न माणसांपुढे लागतं. सरकारलाही पत्रिका द्यायची असते हे कोणाच्या लक्षात राहतं?

पहिली मुलगी झाली, उप्पला. मग तिकडे लष्कराने सत्ता घेतली आणि खेमाच्या भावाचं गाव जळालं. पासपोर्टची मुदत संपली, नवा होईना, त्यामागे व्हिसाही गेला. ‘बघू, काहीतरी करू,’ असं धम्मदीप म्हणत राहिला आणि त्या बघू-बघूतच दुसरा मुलगा झाला, तिस्स. घर आनंदात होतं. कागद संपतो म्हणजे नेमकं काय संपतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मतदार यादीचं काम करणारी बाई दारात आली ती अशा दिवसांत. नंदाबाईंनी सगळ्यांची नावं सांगितली, त्यात ‘खेमा धम्मदीप तायडे, सून’ हेही सांगितलं. पुरावा म्हणून रेशनकार्ड काढलं. त्यावरही सुनेचं नाव त्यांनीच खेटे घालून चढवून घेतलं होतं. सासूने बोट ठेवलं तिथे सुनेने सही केली. तायड्यांच्या घरात मत म्हणजे बाबासाहेबांनी दिलेलं दान. ज्याचं ते चुकलं त्याला घरात जेवायला वाढतात, पण बोलत नाहीत. मतदानाच्या दिवशी नंदाबाईंनी सुनेला नवी साडी नेसवली, रांगेत स्वतःच्या पुढे उभं केलं आणि शाईच्या बोटाचा फोटो गावाकडे, अकोल्यापर्यंत पाठवला.

यंदा शहरात परदेशी लोकांच्या कागदांची तपासणी सुरू झाली, तेव्हा धम्मदीपची झोप उडाली. वस्तीतलीच निकिता वकील झालेली. तिच्याकडे तिघं गेले.

निकिताने सगळं ऐकलं आणि डोकं धरलं. “काकू, लग्न झालं म्हणून नागरिकत्व आपोआप मिळत नाही. आणि व्हिसाची मुदत संपून राहिलेल्या माणसाला त्यासाठी अर्जही करता येत नाही. आधी तिचं राहणं कायदेशीर करून घ्यावं लागेल.”

“मग करून घे ना.”

“दोन वाटा आहेत. एक, परवानगी काढून तिने देश सोडायचा आणि बाहेरून व्हिसा मागायचा. पण परत येऊ देतील याची हमी नाही, आणि तिकडे तर युद्ध पेटलंय. दुसरी, आपणहून परदेशी लोकांच्या नोंदणी कार्यालयात जायचं, सगळं कबूल करायचं, दंड भरायचा, नवऱ्याच्या नि मुलांच्या आधारावर इथेच राहू द्या म्हणायचं. मी दुसरी म्हणेन.” मग तिने मुलांचं सांगितलं. “उप्पला भारतीय आहे. ती झाली तेव्हा आईचा व्हिसा चालू होता. तिस्स नाही.”

“नाही म्हणजे? दोघंही ससूनलाच झाले की!”

“ससूनला होऊन भागत नाही, काकू. आणि ते मतदान. ते सगळ्यात वाईट. परदेशी माणसाने सही करून लिहून दिलंय की मी भारताची नागरिक आहे. हे लपवलं आणि नंतर सापडलं, तर दार कायमचं बंद.”

ज्या गोष्टीचा नंदाबाईंनी आयुष्यात सर्वांत जास्त अभिमान बाळगला, तीच सुनेच्या गळ्याशी आली होती, आणि तीही त्यांच्याच हाताने. चूक लबाडीने केली असती तर एक वेळ सोसली असती. ही प्रेमाने केलेली चूक. तिला शिव्या तरी कशा घालणार?

ठरलेल्या दिवशी कार्यालयात जाताना त्यांनी बसमध्ये सुनेचा हात धरला. “हे बघ, साहेबाने विचारलं तर म्हणायचं, मला काही माहीत नव्हतं. सासू म्हणाली तिथे सही केली. पुढचं मी बघते. मला म्हातारीला काय करणार आहेत?”

खेमा खिडकीबाहेर बघत राहिली. नंदाबाईंनी तो होकार समजला.

साहेब मध्यमवयीन होता आणि शांत. त्याने निकिताने दिलेले कागद एकेक करून वाचले. मतदानाच्या पानाशी आल्यावर चष्मा काढला.

“हे नाव यादीत कोणी घातलं?”

“मी घातलं साहेब,” नंदाबाई उठूनच उभ्या राहिल्या. “तिला बिचारीला काय कळतंय—”

“मावशी, बसा. तुमच्याकडे येतोच. आधी ज्यांचं नाव आहे त्यांना बोलू द्या.” तो खेमाकडे वळला. “परदेशी नागरिकाला इथे मत देता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं,” खेमा म्हणाली.

निकिताने मान खाली घातली. धम्मदीप भिंतीकडे बघायला लागला.

“माहीत होतं, मग?”

“लग्न झाल्यापासून सगळे म्हणायचे, तू आमचीच. मी हसून हो म्हणायचे. त्या दिवशी आईंनी मला रांगेत पुढे उभं केलं, तेव्हा पहिल्यांदा ते खरं वाटलं. मला ते मोडवलं नाही, सर. चूक माझी आहे. आईंना खरंच माहीत नव्हतं.”

साहेबाने चष्मा परत चढवला. मग त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. प्रकरण वर जाईल, म्हणाला. परवानगी मिळेल की देश सोडायला सांगतील, हे त्याच्या हातात नाही. निर्णय लागेपर्यंत शहर सोडायचं नाही आणि दर सोमवारी इथे येऊन सही करायची.

बाहेर आल्यावर नंदाबाईंचा तोल गेला. इतकी वर्षं पुण्यात राहून झाकलेली वऱ्हाडी उसळून वर आली. “काहून बोललीस वं? येक शब्द खोटा बोलली असती तं काय आभाळ पडलं असतं? पोराचा तरी विचार करायचा!”

“तुमच्यावर कसं ढकलू, आई?” खेमा म्हणाली. “मला पाठवलंच, तर तिस्सला घेऊन जावं लागेल. उप्पला तुमच्याकडे राहील. तिच्या आजीवरच केस होऊन ती पोलिसांत खेटे घालत असली, तर तिला सांभाळणार कोण?”

म्हणजे हिने ताटातुटीचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता, आणि तो एकटीने. नंदाबाई फुटपाथच्या कठड्यावर बसल्या आणि रडल्या. लाज वाटली नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती. धम्मदीप रिक्षा शोधायला गेला आणि उगाचच बराच वेळ शोधत राहिला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना त्या सुपरवायझरच्या टेबलापाशी गेल्या. अभय नावाचा पोरगेला माणूस, ड्युट्या लावायचं काम त्याचं.

“माझी सुट्टी रविवारची सोमवारी करा.”

“मावशी, रविवारी तुम्हाला विहारात जायचं असतं ना? एक दिवस सोडत नाही तुम्ही.”

“असतं. पण सोमवारी करा.”

“बरं. किती दिवसांसाठी टाकू?”

नंदाबाईंनी टेबलाला धरून गुडघ्यावरचा भार बदलला.

“दर सोमवारी माझी सून सरकारी कार्यालयात सही करायला आत जाणार,” त्या म्हणाल्या. “जोवर ती परत बाहेर येतेय, तोवर टाका.”