बोस्टनची टाकी आणि आमची सोयरीक

माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न अमेरिकेतल्या बोस्टन शहरानं मोडलं. आमच्या घरातलं कुणी आजवर बोस्टनला गेलेलं नाही. बोस्टनचंही कुणी कोल्हापूरला आलेलं नाही. मधला दुवा मी.

राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. जगाच्या इतिहासातल्या अजब गोष्टी वाचायच्या आणि सांगायच्या, हा माझा जुना रोग. डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवलेलं गिऱ्हाईक उठून पळू शकत नाही, त्यामुळं तो वाढत गेला. घरी मात्र मी तोंड उघडलं की बायको, मंगल, मिक्सर लावते. (वाटायला काही नसलं तरी लावते!)

आमच्या स्नेहलनं स्वतःच मुलगा पसंत केला होता. अभिजित. कॉलेजात बरोबर असलेला, कसबा बावड्याचा, शांत. मंगलचा नकार होता, तो होकारावर आणायला पोरीला दोन वर्षं लागली. शेवटी त्याच्या घरच्यांनी बघायला यायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी मायलेकींनी मला समोर बसवलं.

"अहो, उद्या या म्हणायचं, बसा म्हणायचं, चहा घ्या म्हणायचं. बास."

"आणि त्यांनी काही विचारलं तर?"

"व्हय न्हायतर न्हाय!"

"पप्पा," स्नेहल हात जोडून म्हणाली, "एक दिवस जगाचं दुकान बंद ठेवा की."

मी शब्द दिला. मनापासून दिला हो!

दुसऱ्या दिवशी चौघं आले. अभिजित, त्याचे आईवडील आणि लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार काका. वडील एका साखर कारखान्यात मळीच्या टाकीवरचे साहेब. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक. मी वीस मिनिटं नुसता मान हलवत होतो. लाडू झाले, चहा झाला, बोलणी लग्नाच्या हॉलपर्यंत पोचली. आणि साहेबांनी मला विचारलं, "पावणं, तुमी लई वाचता म्हणं. आमच्या मळीचं कायतरी वाचलासा का न्हाई?"

आता सांगा, यात माझा काय दोष?

"वाचलंय की! बोस्टनमध्ये शंभर वर्षांपूर्वी मळीची टाकी फुटली. भर वस्तीत! दोन मजली घराएवढी लाट! एकवीस माणसं गेली!"

"आगं बाई!" अभिजितची आई म्हणाली. मला चेव चढला. आत मिक्सर लागला. मी आवाज वाढवला.

"आणि गंमत पुढंच आहे! टाकी आधीपासून गळत होती. कंपनीनं काय केलं? दुरुस्ती? छ्या! तपकिरी रंग मारला! गळती दिसायलाच नको!"

टाळीसाठी मी हात पुढं केला. तो तसाच राहिला.

"कुणी सांगिटलं तुमास्नी?" साहेब हळू आवाजात म्हणाले.

"पुस्तकात आहे."

"आमी टाकीला रंग मारल्याला पुस्तकात हाय?"

आमच्याकडं सोयरीक करताना दोन्ही बाजू गुपचूप चौकशी करतात. गावात, पानपट्टीवर, नोकरीच्या ठिकाणी. केली नाही तर बाप बेफिकीर, आणि केलेली तोंडावर बोलून दाखवली तर अपमान. मी कसलीच चौकशी केली नव्हती. (बोस्टनची केली होती!) साहेबांची टाकी गेल्या महिन्यात गळत होती, त्यांनी तिला रंग मारला होता आणि आता कारखान्यात त्यांच्यावर चौकशी चालू होती, हे मला त्या दिवशी त्यांच्याच तोंडून कळलं.

"चौकशी करा, कोण न्हाय म्हणतंय? पर घरात बोलवून, लाडू चारून अब्रू काढायची?"

"अहो, अमेरिका! शंभर वर्षं!"

"अमेरिकेच्या आडून कुणाला बोलताय, कळतंय आमास्नी!"

मी घाईनं विषय बदलला. फ्रान्सकडच्या एका गावात पाचशे वर्षांपूर्वी एक बाई रस्त्यात नाचायला लागली, ती थांबेचना, मग शेकडो लोक नाचायला लागले, असं सांगितलं. हसतील म्हणून सांगितलं.

अभिजितच्या आईनं पदर खोचला. "माझ्या अंगात येतं, त्ये बी काढलासा व्हय शोधून?"

मी म्हटलं, निदान सुभेदारांना तरी जिंकावं. लष्करी माणूस, लष्करी गोष्ट! ऑस्ट्रेलियाचं सैन्य मशीनगन घेऊन एमू पक्ष्यांवर चालून गेलं, ती सांगितली. पक्षी जिंकले, इथवर आलो तेव्हा सुभेदार उभे होते.

सगळे निघाले. अभिजितनं एकदा स्नेहलकडं बघितलं, मग खाली वाकून वडिलांच्या चपला सरळ करून दिल्या. मला त्याचा भयंकर राग आला. पण तो कोणत्या तोंडानं बोलून दाखवणार?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन त्यांच्या दारात गेलो. बोस्टनच्या पानात खूण घालून. साहेबांनी दारातूनच पुस्तकाकडं बघितलं आणि आत ओरडले, "बघा, पुरावा बी घिऊन आलाय!"

घरी आल्यावर स्नेहल एवढंच बोलली, "पप्पा, मला दोन वर्षं लागली. तुमाला पंधरा मिनिटं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडलो. पुढं कित्येक महिने ती माझ्याशी चहा-पाण्यापुरतंसुद्धा बोलली नाही.

पुढच्या स्थळाच्या वेळी मंगलनं धोका पत्करला नाही. मुलाकडच्यांना तिनं सांगून टाकलं, "ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. बोलायला कायमची बंदी हाय." मी कबूल झालो. पोरीसाठी तेवढं तरी करावं. स्नेहलनं काढा प्यावा तसा होकार दिला. लग्न झालं. मुलगा चांगला आहे, सगळे म्हणतात. स्नेहल काही म्हणत नाही.

माझे व्याही फार बोलके. त्यांना माझ्यासारखा ऐकणारा आयुष्यात भेटला नव्हता. आणि त्यांना नाद कसला म्हणता? जगाच्या इतिहासाचा! मोबाईलवर येईल तेवढा सगळा. गेल्या रविवारी मांडीवर थाप मारून म्हणाले, "पावणं, चीनची भिंत चंद्रावरनं दिसती, ठावं हाय का? तेच्यासाठीच बांधली ती!"

माझ्या घशाशी अख्खा चीन आला. दारात स्नेहल ट्रे घेऊन उभी होती आणि माझ्या ओठांकडं बघत होती.

मी मान डोलावली. भिंत दिसते. व्याही म्हणाले तर ती आमच्या राजारामपुरीतूनही दिसेल!