भाव न विचारायचं दुकान

थायलंडात, यसोथॉनला बसस्टँडसमोर माझ्या धाकट्या भावाचं, खाम्फानचं दुकान आहे. आतली प्रत्येक वस्तू वीस बाट. झाडू वीस, चाळणी वीस, नवऱ्यावर उगारायला बरं पडतं ते कोशिंबिरीची कच्ची पपई कुटायचं मुसळही वीस.

लहानपणी मीठ आणायला गेला की भाव विचारताना याची मान खाली जायची. म्हणायचा, "ताई, गरिबाला भाव विचारायची वेळच येऊ नये." त्यासाठीच त्यानं हे दुकान काढलं. पिशवी नाही, पंखा नाही, पण कुणाला तोंड वेंगाडायला लागत नाही. मनापासून केलं त्यानं, मी खोटं कशाला बोलू?

आमची आई चिकट भात ठेवायच्या झाकणाच्या टोपल्या विणायची, बांबूच्या. त्यांच्यावरच आम्ही वाढलो. दुकान निघालं तेव्हा तिनं हौसेनं विचारलं, "माझ्या कुठं मांडशील रे?"

"वीसला देशील का, आई?"

"विसात बांबूसुद्धा येत नाही."

"मग नाही जमायचं. तुझी चाळीसला ठेवली तर उद्या झाडूवाला पंचवीस मागेल."

त्यानं प्लास्टिकच्या मांडल्या, झाकणावर फुलं छापलेल्या. हळूहळू गावातल्या बायकांनी विणणं सोडलं. आईनंही.

आणि हे महाराज घरी जेवणार आईच्याच टोपलीतून! मी म्हणायची, "तुझी ती फुलाफुलांची घे की."

"त्यात भाताला घाम सुटतो, ताई."

"गिऱ्हाइकांच्या भाताला सुटत नाही वाटतं?"

तो हसून पुढचा घास घ्यायचा.

यंदा आई गेली. शंभराव्या दिवशी तिच्या नावानं भिक्खूंच्या पात्रात भात घालायचा, तो तिच्याच टोपलीतून, असा त्याचा हट्ट. आदल्या दिवशी टोपली खाली काढली तर बूडच हातात आलं. मग गावं पालथी घातली. विणणारी एक म्हातारी भेटली, पण तिला आता दिसत नाही. शेवटी हमरस्त्यावर, शहरातली माणसं गाडी थांबवून खरेदी करतात त्या दुकानात एक मिळाली. खाम्फाननं ती उलटी करून वीण चाचपली, आई चाचपायची तशी. मग हळूच विचारलं, "केवढ्याला?"

"साडेतीनशे."

त्यानं टोपली खाली ठेवली. दुकानातली पोरगी मायेनं म्हणाली, "आजोबा, स्वस्त हवी असेल तर बसस्टँडसमोर वीसचं दुकान आहे बघा."

मला हसू फुटणार होतं, पण त्याची मान बघितली आणि गिळलं. मिठाच्या वेळची तीच मान. घासाघीस न करता त्यानं पैसे काढून दिले.

सकाळी भिक्खू येऊन गेले. आईच्या नावानं पाणी सोडताना त्यानं विचारलं, "ताई, आईनं तेव्हा किती मागितले होते गं?"

"मागितले कुठं? कुठं मांडशील, एवढंच विचारलं होतं."

त्यानं ती टोपली उचलली आणि दुकानात नेऊन अगदी दारासमोर मांडली. गिऱ्हाईक विचारतं, "ही पण वीसलाच का?"

खाम्फान मान खाली घालून झाडू रचत बसतो.