पायपेटीचे मुके दिवस

परवा नव्या फादरांनी फर्मावलं, "चर्चचा इतिहास लिहून द्या, दोन पानांत. ऑर्गनचाही." म्हटलं, लिहितो. वैताग आला होता, पण नाही म्हणायला लागतो तेवढाही जोर आता अंगात राहिला नाही.

लातूरचं आमचं चर्च आधी पत्र्याचं होतं. उन्हाळ्यात रविवारची मिस्सा, आमची उपासना, म्हणजे नुसती भट्टी. मग दगडी भिंती झाल्या. भूकंपात वेदीमागची भिंत तडकली, ती लिंपली. किल्लारीला पाठवायच्या धान्याच्या गोण्या महिनाभर आतच होत्या. त्यांच्या मागं उंदीर आले आणि ऑर्गनचा भाता कुरतडून गेले. ऑर्गन म्हणजे काय, तर पायपेटी. कुठल्याशा बंद पडलेल्या कॉन्व्हेंटातून ट्रकमध्ये टाकून आणलेली. पायाखाली दोन फळ्या, त्या दाबत राहायच्या, मग वर सूर निघणार. वाजवणारा मी.

भाता दुरुस्त केला माझ्या बायकोनं. माहेर हिमायतनगरचं, शिवणकामात लई तरबेज. हार्मोनियम दुरुस्त करणारे एक चाचा होते, त्यांनी कातडं दिलं आणि बजावलं, "बेटी, टाका बारीक मार, नहीं तो हवा निकलती." आठवडाभर मान मोडून तिनं शिवलं. कौतुक मात्र झालं माझं! मीही होऊ दिलं.

तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली. "मी गेले की माझ्या मातीला ही पेटी वाजवा. कीबोर्ड आणलात तर बघा! त्याच्यात ढोलकीचं बटन असतंय."

"वाजवतो की," मी म्हणालो, "आधी जाऊन तर दाखव." असली थट्टा करू नये माणसानं.

आमच्यात गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, गौरवगान म्हणजे देवाच्या स्तुतीचं गाणं झालं की पेटी बंद. झाकण लावायचं, वर कापड टाकायचं. शनिवारी ईस्टरच्या जागरणात पुन्हा गौरवगान होईस्तोवर घंटाही नाही आणि पेटीही नाही. त्या दिवसांत कुणी गेलं तर त्याची मातीसुद्धा मुकीच. हा नियम मी डोळ्यांत तेल घालून पाळत आलो. एकदा एक जण आईच्या मातीला वाजवा म्हणून हात जोडत होता, त्याला मी चारचौघांत झापलं होतं. कसला माज होता, देव जाणे.

ती गेली गुड फ्रायडेला, सकाळी. शनिवारी दुपारी माती ठरली. तेव्हाचे फादर म्हातारे, मायाळू. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक गाणं वाजवा हळूच. मी काही ऐकलं नाही."

मीच म्हणालो, "न्हाई फादर. नियम हाय."

मुलगी जवळच उभी होती. "बाबा, आईला शब्द दिला होता तुम्ही," एवढंच म्हणाली. शवपेटी उचलली तेव्हा फक्त चपलांचा आवाज झाला.

संध्याकाळी जागरण. लोक म्हणाले, आज राहू द्या, आम्ही तसंच गातो. मी ऐकलं नाही. कापड काढलं, पाय चालवायला लागलो आणि गौरवगान वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता. बाहेर लोक पाठीवर हात ठेवत होते, काय धीराचा माणूस म्हणत होते.

मुलगी फाटकापाशी थांबली होती. मी जवळ गेलो तशी म्हणाली, "आता वाजली का पेटी, बाबा?"