मालक, गडी आणि चिकटपट्टी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. एकदा देवळात सांगायला गेलो होतो, तर पुजाऱ्यानेच मला धरलं — नातवाचे पासपोर्ट साइज फोटो कधी देताय म्हणून. राहून गेलं. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका. फार मोठं काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. पण मोठं नसतं तर इतकी वर्षं लपवलं असतं का?

मी लग्नाचे फोटो काढतो. मुरबाडला आमचा स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे माझा आणि हिरामणचा. आम्ही दोघं सिद्धगडाच्या पायथ्याच्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावर बसलेले. भागीदारी बरोबरीची. पाटीवर दोघांची नावं आहेत, त्यात सुभाष आधी आणि हिरामण नंतर. ते वर्णमालेप्रमाणे आहे — असं मी सांगतो.

आमच्या धंद्यात दोन फ्लॅश लागतात. एक कॅमेऱ्यावर, दुसरा लांब दांडीवर. पहिला चमकला की त्याच्या उजेडाने दुसरा आपोआप चमकतो. कंपनीच्या पुस्तकात पहिल्याला मास्टर म्हणतात आणि दुसऱ्याला स्लेव्ह. स्लेव्ह म्हणजे गुलाम, हे मी डिक्शनरीत बघितलं होतं. दोन्ही फ्लॅश दिसायला सारखे, घाईत अदलाबदल व्हायची. म्हणून मी एके दिवशी पांढरी चिकटपट्टी आणली, मार्कर घेतला, आणि एकावर लिहिलं ‘मालक’, दुसऱ्यावर ‘गडी’.

मराठीकरण केलं. त्यात काय वाईट?

मग डोळखांबचं लग्न झालं. हा किस्सा मी स्टेजवरून इतक्या वेळा सांगितलाय की तुमच्याही कानावर आला असेल. कडक ऊन, मंडपात हजार माणूस, बँड टिपेला. मंगलाष्टकं संपली, हार घालायची वेळ आली, आणि हिरामणच्या हातातल्या दांडीवरचा फ्लॅश चमकेना. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो — “गडी मेला, गडी मेला.” नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

मुलीकडच्यांचा एक म्हातारा गडी होता, चाळीस वर्षं त्यांच्याकडे राबलेला. नवरीच्या आजीने हंबरडा फोडला. चार पुरुष स्वयंपाकाकडे धावले. म्हातारा पंगतीच्या टोकाला बसून तिसरी जिलेबी खात होता. त्याला उचलून सावलीत आणला, पंख्याने वारा घातला, कांद्याचा वास दिला. “मना काय झाला?” असं तो विचारत होता, आणि कोणी सांगेना. नवरा-नवरी हार धरून उभीच. शेवटी मी फ्लॅश उचलून त्यावरची पट्टी दाखवली तेव्हा सगळा मंडप हसला. आजीसुद्धा हसली, डोळे पुसत.

एक माणूस हसला नाही. तो दांडी धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आलो तर दोन्ही पट्ट्या गायब. त्यांच्या जागी नव्या पट्ट्या, त्यांवर हिरामणच्या गोल अक्षरात ‘एक’ आणि ‘दोन’. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी त्या काढल्या आणि पुन्हा ‘मालक’ आणि ‘गडी’ लावलं. दोन दिवसांनी परत ‘एक’, ‘दोन’. मी परत काढल्या. असं तीन वेळा झालं. पन्नाशीला टेकलेले दोन पुरुष, एकमेकांना चहा देतात, गिऱ्हाइकासमोर गोड बोलतात, आणि पाठ वळली की चिकटपट्ट्या सोलतात.

चौथ्यांदा मी पट्टी बदलली नाही. माझं मन बदललं म्हणाल? नाही हो. चिकटपट्टीचं रीळ संपलं होतं, आणि नवीन आणायला बाजारात कोण जाणार म्हणून राहिलं. एवढंच.

पुढे मागच्या पावसाळ्यात, कामं नसतात तेव्हा, आमच्या दोन तालुक्यांतल्या फोटोग्राफरांच्या संघटनेची सभा शहापूरला एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये भरली. आटगावची प्रणाली नावाची मुलगी आहे, हाताला चांगली, डोक्याला त्याहून चांगली. तिने ठराव आणला. बाहेरच्या काही कंपन्या म्हणे हे मास्टर-स्लेव्ह शब्द काढून टाकतायत, आपणही नवशिक्यांच्या शिबिरात ते शिकवू नयेत. तिला एका पाड्यावरच्या मुलीने स्लेव्हचा अर्थ विचारला होता, आणि तो सांगताना तिची जीभ अडली होती.

झालं. दीड तास रण माजलं. एक जण म्हणाला, मग शूटिंगही बंद करा, त्यात गोळीबार आहे. दुसरा म्हणाला, आपण नुसत्या कॅमेऱ्याला बॉडी म्हणतो; बॉडी दुरुस्तीला दिली म्हटलं की माझी आई अजून हात जोडते, तो शब्द आधी काढा. कोणी सेवक सुचवलं, कोणी शिष्य, कोणी थोरला-धाकटा. भातसानगरचे एक काका, धरणावरून रिटायर होऊन फोटोग्राफीत आलेले, शांतपणे उठले आणि म्हणाले, “सासू-सून म्हना. सासू भडकली का सून भडकते.” त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, “काका, आमच्यात उलटा हाय.” अध्यक्षांना टेबल वाजवावं लागलं.

मी ठरावाच्या विरोधात बोलणार होतो. भाषण लिहून आणलं होतं, खिशात घडी होती. पहिलंच वाक्य होतं, उजेडाला कुठे भावना असतात? मला ते फार आवडलं होतं. हिरामण माझ्या शेजारीच बसला होता.

एवढ्यात प्रणाली म्हणाली, “आपल्यात एका माणसानं हे कधीचंच केलंय.” तिच्या मावशीच्या लग्नात तिने आमचे फ्लॅश बघितले होते, त्यांवर ‘एक’ आणि ‘दोन’ लिहिलेलं होतं. “सुभाषकाका, तुमीच आमाला सांगा, तुमाला हे तेव्हा सुचलं कसं?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टाळ्या सुरू झाल्या.

आता तुम्ही सांगा, एक वाक्य पुरलं असतं ना? हे माझं नाही, ह्याचं आहे. हातभर अंतरावर तर बसला होता, बोट दाखवायलाही हात लांब करावा लागला नसता. मी उठलो. घसा साफ केला. आणि बोललो, वीस मिनिटं. डोळखांबचा किस्सा सांगितला. त्या म्हाताऱ्या गड्याचा चेहरा बघून मला त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही, म्हणालो. (मी त्या दिवशी सहा जिलेब्या खाल्ल्या होत्या.) घरी येऊन थरथरत्या हाताने पट्टी सोलली, म्हणालो. उजेडात लहानमोठा नसतो, म्हणालो. बोलता बोलता माझा स्वतःचाच आवाज दाटून आला — ते मात्र खरं होतं, खोटं बोलताना माझा नेहमीच दाटतो.

कोणा पाहुण्यासाठी आणलेली शाल होती, पाहुणे आले नव्हते. ती मला घातली. पहिली टाळी हिरामणने वाजवली.

परतताना मोटारसायकलवर तो मागे बसला होता, शाल मांडीवर घेऊन, भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून. सरळगाव मागे पडलं. मग म्हणाला, “चांगला बोललास.” मी ब्रेक लावला नाही, मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर माझं नाव झालं. ठराव पास झाला, शब्द ठरवायला समिती झाली, समितीचा अध्यक्ष मी. दर शिबिरात मी तो किस्सा सांगतो, आणि दर वेळी तो थोडा वाढतो. गेल्या खेपेला त्या म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता एक गोष्ट, जी मी मघापासून टाळतोय. बघा, अजूनही हसवत हसवत तिच्या बाजूने निघून गेलो असतो.

हिरामणचे वडील, धर्माबाबा, आमच्याच घरी सालगडी होते. माझ्या लहानपणी मला खांद्यावर बसवून शेताच्या बांधावरून शाळेत नेणारे तेच; हिरामण मागून चालत यायचा. डोळखांबच्या लग्नाच्या आधीच्या श्रावणात धर्माबाबा गेले. मी खांदा द्यायला होतो. आणि आठ-नऊ महिन्यांनी, भर मंडपात, त्यांच्या मुलाकडे बोट करून मी ओरडलो होतो — गडी मेला.

हे मी कुठल्याच शिबिरात सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात प्रणाली स्टुडिओत आली. संघटना पुस्तिका काढतेय, त्यात माझ्यावर एक पान आहे. माझं बोलणं तिच्याकडे होतंच, तिला हिरामणची आठवण हवी होती. “हिरामणकाका, पट्टी काढली तेव्हा तुमी होतात ना?” मी अल्बम चाळत उभा होतो. मी तेच पान पुन्हा उलटलं.

हिरामणने चष्मा काढून पुसला. मग अगदी सावकाश, चेहऱ्यावरची रेष न हलवता, त्याने तिला सगळं सांगितलं, मी सांगतो तसंच. वर स्वतःची भर घातली. सुभाष त्या दिवशी जेवला नाय, म्हणाला. मीच त्याला म्हटला, जाऊ दे रे, शब्दच तर हाय, तर माझ्यावर रागावला. प्रणाली भराभर लिहून घेत होती. माझ्यापेक्षा त्याचं खोटं कितीतरी सरस होतं, मला त्यातही क्षणभर हेवा वाटला.

ती गेल्यावर मी विचारलं, “असं का सांगितलंस?”

तो म्हणाला, “मंग काय सांगायचं व्हतं? पट्टी कोनासाठी लिवलीस, ते?”

फोन वाजत नव्हता तरी उचलून कानाला लावला आणि बाहेर गेलो.

तर उत्तर हे आहे. पट्ट्या लावल्या त्याच्या आदल्या दिवशी किन्हवलीचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचे फोटो बघायला आले होते. तेव्हा आम्ही आळीपाळीने कॅमेरा धरायचो, एक जण फोटो काढायचा, दुसरा दांडी धरायचा. गृहस्थांनी फोटोंचे दोन ढीग केले. एका ढिगात नवरदेवाचा फेटा कापलेला, मामाचे डोळे मिटलेले, नवरीच्या तोंडासमोर कोणाचा तरी हात. दुसरा ढीग बघून त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. हा दुसरा ढीग कोणाचा, त्यांनी विचारलं. हिरामणचा होता. ते मला म्हणाले, “मग धाकटीच्या लग्नात कॅमेरा यांच्याकडे द्या. तुमी लाईट धरा.” अगदी सहज म्हणाले, चहा पिता पिता.

दुसऱ्या दिवशी मी चिकटपट्टी आणली. त्या दिवसापासून आळीपाळी बंद झाली; ‘मालक’ लिहिलेला फ्लॅश मी घ्यायचा, ‘गडी’ लिहिलेला त्याच्या हातात द्यायचा. फ्लॅशची अदलाबदल होते, हे कारण मी नंतर शोधलं. लिहिताना धर्माबाबा माझ्या डोळ्यांसमोर होते. हिरामण ते वाचणार, रोज वाचणार, आणि काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. ‘गडी’ मी त्याच्यासाठीच लिहिलं. पहिल्या वेळी अक्षर थोडं वाकडं आलं, म्हणून पट्टी फाडून दुसरी घेतली आणि ठळक, लांबून वाचता येईल असं पुन्हा लिहिलं.