डेल्विनचे एकशे अडतीस वॅट

समुद्रकाठच्या बसल्टन गावात डेल्विन हॅड्रिकला ओळखत नाही असा सायकलवाला सापडायचा नाही, आणि तिचा फुकटचा सल्ला ऐकलेला नाही असा तर मुळीच नाही. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी, हे तिच्या अंगात भिनलेलं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ती ट्रायथलॉनच्या नादी लागली, लांब पल्ल्याच्या: आधी समुद्रात पावणेचार किलोमीटर पोहणं, मग एकशेऐंशी किलोमीटर सायकल, आणि ते सगळं झाल्यावर बेचाळीस किलोमीटर पळणं. तिथेही तिने बसचंच वेळापत्रक लावलं.

तिचं म्हणणं सोपं होतं. शर्यत सायकलवर जिंकता येत नाही, पण घालवता मात्र येते. आमच्याकडचा रस्ता सपाट. चढ नाही म्हणून लोक खूश होतात, पण उतारही नाही हे विसरतात. सहा तास पाय एक क्षण मोकळा सुटत नाही. सायकलवरचं यंत्र पायांचा जोर वॅटमध्ये दाखवतं, आणि डेल्विनचा आकडा ठरलेला होता, एकशे अडतीस. त्याच्या वर गेलं की ते पळताना वसूल होतं. हँडलवर चिकटपट्टी लावून तिने तो लिहून ठेवला होता. कुणीही पुढे जावो, वारा कुठूनही येवो, बाई एकशे अडतीसवर. मग दुपारी, पुढे गेलेले सगळे रस्त्याच्या कडेला पोटऱ्या चोळत बसलेले असायचे आणि ही टुकटुक पळत त्यांच्या पुढून जायची. ‘काय गं, दमलीस?’ असं वर विचारायचीसुद्धा. त्यामुळे तिला मान होता, माया मात्र बेताचीच.

तिची एकुलती एक खरी मैत्रीण म्हणजे ग्लेंडा मॅक्कब. दोघी एका वयाच्या, एकाच वयोगटात धावणाऱ्या. बारा वर्षं रविवारी पहाटे एकत्र सायकल काढायच्या. ग्लेंडाच्या पायांत ताकद अफाट, पण धीर नावाला नाही. गेल्या वर्षी ती सायकलवर सुसाट सुटली आणि पळताना पंधराव्या किलोमीटरला ओकत बसली. फेब्रुवारीत ट्रायथलॉन क्लबच्या बार्बेक्यूला पावात सॉसेज आणि कांदा घालता घालता डेल्विन सगळ्यांसमोर म्हणाली, “आमच्या ग्लेंडाचे पाय घोड्याचे, डोकं मात्र कोंबडीचं!”

लोक खो खो हसले. ग्लेंडाने हातातली बशी टेबलावर ठेवली आणि सरळ गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून बोलणं बंद. डेल्विनचा नवरा रॉस म्हणाला होता, “अगं, एक फोन कर. ‘चुकलं’ म्हण.” त्यावर हिचं उत्तर, “खोटं बोलले का मी?” खोटं नव्हतंच ते. पण खरं बोलायची ती काय जागा होती? हे डेल्विनला कधी कळलं नाही. चुकलेल्या माणसाला चूक दाखवली म्हणजे आपलं काम झालं, अशी तिची ठाम समजूत होती.

त्यानंतर ती एकटीच, घरातल्या पडवीत, जागच्या जागी सायकल मारू लागली. क्लबमध्ये जाणं सोडलं. त्या वर्षी तिच्याकडे गमावण्यासारखं बरंच होतं. डाव्या खुब्याचं हाड झिजलं होतं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, सांधा बदलायचा, आणि मग पळणं विसरायचं. फार तर इंजेक्शनं घेऊन एक वर्ष ढकलता येईल, तेही कारण तसं असेल तर. कारण एकच होतं. हवाईची जागतिक शर्यत. सतरा वर्षं ती त्या एका जागेसाठी झटत होती. तिच्या वयोगटाला डिसेंबरच्या बसल्टनच्या शर्यतीतून एकच जागा मिळायची. मिळाली तर इंजेक्शनं आणि ऑक्टोबरमध्ये हवाई. नाही मिळाली तर जानेवारीत शस्त्रक्रिया, खेळ खलास. खुब्याचं हे रॉसखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. कीव केलेली तिला खपायची नाही.

शर्यतीच्या दिवशी समुद्र शांत होता. डेल्विन ठरल्या मिनिटाला पाण्याबाहेर आली, ठरल्या मिनिटाला सायकलवर बसली. साठ किलोमीटरपर्यंत यंत्रावर एकशे अडतीस, फार तर एकशे चाळीस. उंच ट्युअर्ट झाडांच्या राईतून बाहेर पडता पडता उजव्या बाजूने चाकांचा सूं सूं आवाज आला आणि कुणीतरी तिला मागे टाकून गेलं.

ग्लेंडा होती. जाता जाता तिने डावा हात वर केला. हसली की काय, ते कळलं नाही.

ग्लेंडाच्या जागी दुसरी कुणीही असती, तर डेल्विनने मान वर केली नसती. पण दहा महिन्यांनी दिसलेला तो हात तिच्या डोक्यात गेला. ‘हिला दाखवतेच!’ यंत्रावर आकडा एकशे पासष्ट झाला. नियमाप्रमाणे पुढच्या सायकलीपासून बारा मीटर अंतर ठेवावं लागतं. ते तिने काटेकोर ठेवलं. नियम मोडणारी ती नव्हतीच. फक्त स्वतःचा मोडला, आणि तो पाहणारा तिथे पंच नव्हता.

नव्वदाव्या किलोमीटरच्या वळणावर रॉस घडीची खुर्ची टाकून बसला होता. तो उठून ओरडला, “डेल! नऊ मिनिटं लवकर आलीस! हळू, बाई, हळू!”

“तोंड बंद ठेव, रॉस!” ती ओरडली.

सत्तर किलोमीटर ती अशी गेली. ग्लेंडाची पाठ, ग्लेंडाचे खांदे, ग्लेंडाच्या घोड्यासारख्या पोटऱ्या. सीटखालच्या दांडीवर चिकटवलेला शर्यतीचा क्रमांकसुद्धा एवढा वेळ समोरच होता. तीन हजारांच्या पुढचा. डेल्विनने तो वाचला नाही. ओळखीच्या माणसाचा क्रमांक कोण वाचतं? एकशेतिसाव्या किलोमीटरनंतर समुद्रावरून वारा सुटला, तिचे पाय शिसं झाले आणि ग्लेंडा दिसेनाशी झाली.

सायकल ठेवायच्या मैदानात ती पोचली तेव्हा ग्लेंडा कुंपणापलीकडे गवतावर अनवाणी बसून आइस्क्रीमची कांडी चोखत होती. घोट्यावर वेळ मोजायचा पट्टा नव्हता.

डेल्विनने सायकल धरायला आलेल्या क्लबमधल्या बाईला विचारलं, “ती... तिने सोडली का शर्यत?”

“ग्लेंडा? सोडेल कशाला? रिलेत आहे ती, तिघांच्या संघात; तीन हजारांच्या पुढचे क्रमांक त्यांचेच. ऑगस्टमध्ये गुडघा गेला ना तिचा. पोहायला मुलगी, पळायला जावई, ही फक्त सायकलला. जावई पळतोय केव्हाचा.” मग तिने डेल्विनकडे पाहिलं. “तुला माहीत नव्हतं? क्लबमध्ये सगळ्यांना माहीत आहे.”

ज्या बाईला त्या दिवशी एक पाऊलही पळायचं नव्हतं, तिच्यामागे डेल्विनने आपले पाय जाळले होते. पुढचे बेचाळीस किलोमीटर कसे झाले ते सांगण्यात अर्थ नाही. ती पळाली कमी आणि चालली जास्त. पोटऱ्या चोळत ती स्वतःच कडेला बसली, आणि पुढून जाणाऱ्या एकीने अगदी मायेने विचारलं, “काय गं, दमलीस?” गटात चौथी आली. तिसरीपेक्षा नऊ मिनिटं मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये हवाईच्या जागा वाटायला सगळे जमले. पद्धत अशी की नाव पुकारलं की तिथल्या तिथे ‘हो’ म्हणायचं. नाही म्हटलं, किंवा माणूस हजर नसला, की जागा खालच्या नंबराला. डेल्विनच्या गटातली पहिली उभी राहिली आणि म्हणाली, मी दोनदा जाऊन आलेय, नको. दुसरीचं नाव तीनदा पुकारलं. ती रात्रीच घरी गेली होती. तिसरी शेजारच्या बनबरी गावची शिक्षिका, जिला डेल्विनने सप्टेंबरच्या एका शर्यतीत अर्ध्या तासाने मागे टाकलं होतं. ती किंचाळत मंचाकडे धावली. तिच्या गळ्यात फुलांची माळ पडली.

डेल्विनने टाळ्या वाजवल्या.

बाहेर पायऱ्यांवर ग्लेंडा उभी होती. काठी टेकून.

“डेल,” ती म्हणाली, “खोटं नाही बोलणार. तू मागे येतेयस हे मला कळलं होतं. दोनदा वळून पाहिलं मी. ‘मी रिलेत आहे’ अशी एक हाक मारली असती तर तू वेग कमी केला असतास. नाही मारली. म्हटलं, एकदा कळू दे हिलाही.”

“कळलं,” डेल्विन म्हणाली.

“रागावलीस ना? रागाव. पुढच्या वर्षी घे हवा तेवढा सूड.”

“पुढचं वर्ष नाहीये, ग्लेंडा. जानेवारीत खुबा बदलतायत. त्यानंतर पळायचं नाही.”

ग्लेंडाच्या हातातली काठी दगडावर घसरली.

“मला कुणी सांगितलंच नाही गं,” ती म्हणाली.

“मी कुणाला सांगितलंच नव्हतं,” डेल्विन म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.