फ्रीज विकायचा नाही

डॉक्टर थॉमस यांनी माझ्या गुडघ्याची एमआरआय फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. मी चौतीस सांगितलं. खरं पस्तीस होतं, पण फुटबॉलवाले एक वर्ष कायम खिशात ठेवून असतात.

"मिस्टर माने, एसीएल का कम्प्लीट टिअर है. मेनिस्कस भी गया," डॉक्टर म्हणाले. मग पेनाचं टोक फिल्मवर फिरवत त्यांनी समजावलं. एसीएल म्हणजे अँटिरिअर क्रूशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा. तो शाबूत असेल तरच माणूस धावता धावता वळू शकतो. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली कुर्चेची गादी. माझा पट्टा तुटला होता आणि गादी फाटली होती.

"चलना है, या फुटबॉल खेलना है?" त्यांनी विचारलं.

"दोनों," मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. "इस एज में लोग एक चुनते हैं."

मी निवड केली नाही. ज्यांच्यापुढे कुणी असा प्रश्न ठेवला असेल, किंवा उद्या ठेवील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डॉक्टरांचं सगळं ऐका. पण त्यांच्या प्रश्नात दोनच उत्तरं दिली आहेत म्हणून दोनच असतात, असं समजू नका.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमीतून जसे पैलवान निघतात तसे फुटबॉलवालेही निघतात. मी राइट आउट होतो, म्हणजे उजव्या कडेनं सुसाट पळणारा विंगर. एका स्पर्धेत आमच्या कंपनीच्या एका गोवेकर साहेबांनी मला पाहिलं आणि सहा महिन्यांत मी शारजात होतो. व्हिसावर स्टोअरकीपर लिहिलं होतं. हमरिया फ्री झोनमध्ये पाइप आणि व्हॉल्व्हचं आमचं गोदाम होतं. ते मी मनापासून सांभाळलं, पण मला आणलं होतं शुक्रवारच्या सुट्टीतल्या कंपनी लीगसाठी. हे साहेबांना ठाऊक, मला ठाऊक आणि गोदामातल्या मांजरालाही ठाऊक.

गुडघा गेला तो शुक्रवारीच. रेतीचं मैदान, सेमीफायनल. आठवडाभर गुडघा भरल्यासारखा वाटत होता आणि मी तसं ऑफिसात सांगितलंही होतं. आमचे जनरल मॅनेजर मिस्टर नबील जॉर्डनचे. मैदानाच्या कडेला उभं राहून ते ओरडत होते, "यल्ला माने, यल्ला," म्हणजे चल, पळ. मी आत वळलो. पाऊल रेतीत रुतून राहिलं आणि मी एकटाच वळलो. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मागच्या बॅकनं तो ऐकला, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

एमआरआयच्या वेटिंग रूममध्ये मी बराच वेळ बसलो होतो. कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय प्लास्टरमध्ये. आपल्याकडे अशा ठिकाणी लोक विचारतात, कसं झालं. तिथं शेजारचा पेशावरी ड्रायव्हर मला म्हणाला, "कंपनी को बताया?" मग मीही पलीकडच्याला तेच विचारलं. दुखण्याची चौकशी त्यानंतर झाली.

कारण तिकडे सगळं एका कॉन्ट्रॅक्टला टांगलेलं असतं. कॉन्ट्रॅक्ट आहे तर व्हिसा आहे, व्हिसा आहे तर करामा वस्तीतला फ्लॅट आहे, बायको सुनंदा सोबत आहे आणि मुलगी केतकी ऊद मेथाच्या शाळेत आहे. दर तीन वर्षांनी ते नवं होई. आजवर मला मागावं लागलं नव्हतं. मी गोल करत होतो आणि कागद आपोआप टेबलावर येत होता. या वेळी मुदत दोन महिन्यांवर आली होती, आणि मी कुबड्यांवर होतो.

मग घरी माणसं येऊ लागली.

शेजारचे तावडे सफरचंदं घेऊन आले. पाच मिनिटं माझ्या पायाकडे बघून हळहळले. मग "वहिनी, तुम्ही बसा, पाणी मी घेतो" म्हणत स्वयंपाकघरात गेले आणि तिथून विचारलं, "डबल डोअर आहे ना हा? किती वर्षं झाली?" बाहेर येऊन त्यांनी फ्रीजचा भाव दिरहॅममध्ये सांगितला आणि मला नीट कळावा म्हणून लगेच रुपयांतही सांगितला.

करामातली ही रीतच आहे. कुणाचा व्हिसा कॅन्सल होणार अशी कुजबुज लागली की त्याचं सामान बुक व्हायला लागतं. मीही असा एक मिक्सर पूर्वी घेतलाय. पण इथं मी जिताजागता सोफ्यावर पडलो होतो आणि लोक सोफा किती माणसांचा आहे ते मोजत होते. एका बाईंनी पडद्यांची लांबी विचारली. एक जण तर फ्लॅट कधी रिकामा होतोय हेच विचारून गेला, सफरचंदंही न आणता.

"तावडे, गुडघा गेलाय. फ्रीज चालू आहे. विकायचा नाही," मी म्हणालो.

"तसं नाही हो माने, आपलं आधी सांगून ठेवलेलं बरं," तावडे म्हणाले.

मला राग आला तो तावड्यांचा नव्हे. त्यांच्या मागे सुनंदा उभी होती आणि ती हळूच म्हणाली होती, "बघू." म्हणजे घरातही आवराआवर सुरू झाली होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. ऑपरेशनची वाटली नव्हती, ती या एका शब्दाची वाटली.

सल्ले सगळ्यांनी शहाणपणाचेच दिले. आमच्या एचआरचा मॅथ्यू माझा मित्र. तो म्हणाला, "माने भाई, इंडिया जाओ, आराम से ऑपरेशन कराओ, वापस आओ, फिर देखेंगे." असं 'फिर देखेंगे' ऐकून गेलेले दोन जण मी पाहिले होते. दोघांच्या खोलीतलं सामान नंतर दुसऱ्यांनीच कार्गोनं पाठवलं. सुनंदाचं म्हणणं वेगळं होतं.

"अहो, कुबड्या घेऊन नबील साहेबांसमोर जाऊ नका. मुदतीपर्यंत गप्प बसा. जरा चालायला लागा, मग स्टोअरकीपर म्हणूनच कागद मागा. फुटबॉलचं नाव काढू नका."

केतकी नववीत होती. वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली, "जस्ट आस्क हिम, बाबा. व्हॉट्स द वर्स्ट ही कॅन से?"

वाईटात वाईट काय, ते तिच्या आईला आणि मला चांगलं ठाऊक होतं. तरी पोरीचं मला पटलं. पाय लपवून कॉन्ट्रॅक्ट मिळालं असतं तर तीन वर्षं मी लंगडणं लपवत गोदामात फिरलो असतो. मला कॉन्ट्रॅक्ट हवं होतं ते या गुडघ्यासकट. आणि तो गुडघा मी घरच्या जिन्यात मोडून घेतलेला नव्हता.

शनिवारी कंपनीच्या बसमध्ये दोघांनी मला धरून चढवलं. ऑफिसात गेलो, कुबड्या मिस्टर नबील यांच्या टेबलाला टेकवून ठेवल्या आणि समोर बसलो.

"हबीबी, तू का आलास? आराम कर," ते इंग्रजीत म्हणाले.

"माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. नवीन मागायला आलोय. ऑपरेशन मी इथंच करणार."

त्यांनी कुबड्यांकडे पाहिलं. "गुडघा नसलेल्या विंगरचं मी काय करू?"

"गोदामाला विंगर लागत नाही. टीमला लागतो, तर पुढच्या सीझनला मी परत येईन."

"डॉक्टर तसं म्हणाला?"

"डॉक्टर म्हणाले की मी चालेन. खेळेन असं मी म्हणतोय."

"माने, त्या दिवशी खेळ म्हणून तुला कुणी जबरदस्ती केली नव्हती."

इथं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "सर, मी गुडघ्याचं आधी सांगितलं होतं. आणि कडेला उभं राहून यल्ला यल्ला कोण ओरडत होतं?"

आपण नोकरीवर पाणी सोडलं, असं मला वाटलं. मिस्टर नबील यांनी टेबलावरची जपमाळ उचलली, दोन-चार मणी सरकवले आणि म्हणाले, "एक वर्ष. इन्शाल्ला, मग बघू."

सुनंदाचं 'बघू', मॅथ्यूचं 'देखेंगे' आणि आता हे. मी उठलो, म्हणजे उठायला बराच वेळ घेतला, आणि म्हणालो, "तीन वर्षं, सर. पूर्वी होतं तसंच."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानंतरचा आठवडा हा माझ्या सगळ्या आजारपणातला सर्वांत वाईट काळ. सुनंदा माझ्याशी मोजकंच बोलत होती. तिचं चुकत नव्हतं. मी माझ्या तोंडाच्या जोरावर तिचा संसार पणाला लावला होता. मग मॅथ्यू स्वतः कागद घेऊन घरी आला. तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, स्टोअरकीपर. त्यानं खाली बघत पुढचंही सांगितलं. माझी सात नंबरची जर्सी केरळहून येणाऱ्या नव्या विंगरला दिली होती.

मी सही केली आणि मग रडलो. नोकरी टिकल्याचं रडू किती आणि जर्सीचं किती, ते मला आजही सांगता येणार नाही. सुनंदा शेजारी बसली आणि म्हणाली, "तावडे भावजींना मीच सांगते."

ऑपरेशनला एसीएल रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड कंडरा असतो, त्याचा मधला पट्टा हाडाच्या तुकड्यांसह काढून तुटलेल्या पट्ट्याच्या जागी स्क्रूनं बसवतात. म्हणजे आपल्याच घरातली दोरी काढून आपल्याच घरात बांधायची. शुद्धीवर आलो तर पाय सीपीएम नावाच्या यंत्रात होता. हे यंत्र गुडघा आपोआप वाकवतं आणि सरळ करतं, तुम्ही ओरडा की ओरडू नका.

खरी लढाई फिजिओथेरपीची. त्यात एक्स्टेन्शन म्हणजे पाय पूर्ण सरळ करणं. वाकवण्यापेक्षा हेच जास्त छळतं आणि बहुतेक जण इथंच माघार घेतात. तुम्ही घेऊ नका. आमच्या फिजिओ, सिस्टर लिन्सी, बोलायला लोण्यासारख्या आणि हाताला लोखंडासारख्या होत्या. "थोडा और, माने सर," म्हणत त्या गुडघा दाबायच्या आणि मी कोल्हापुरी शिव्या द्यायचो. त्यांना वाटायचं मी देवाचं नाव घेतोय. घरी आल्यावर बर्फ लावायचा, पाय उशीवर, वीस मिनिटं. सुनंदानं फ्रीजरचा एक कप्पा रिकामा करून तिथं बर्फाच्या पिशव्या रचल्या होत्या.

डॉक्टर थॉमस यांनी वर्षभरानं पाय तपासला आणि म्हणाले, "रिपेअर अच्छा है. लेकिन यह पुराना घुटना नहीं है, याद रखना." मी याद ठेवलं आणि प्रॅक्टिसला गेलो.

सीझनच्या शेवटच्या मॅचला मी सोळा नंबर घालून बाकावर बसलो होतो. आम्ही दोन गोलनी पुढे होतो. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा मिस्टर नबील माझ्यापाशी आले. या वेळी ते ओरडले नाहीत. "पाहिजे?" एवढंच विचारलं.

मी आत गेलो. थोड्या वेळानं बॉल उजव्या कडेला आला. पहिल्या माणसाला मी आत वळून चुकवलं. तीच रेती, तेच वळण. पट्टा धरून राहिला. मग दुसरा आला आणि त्यानं बॉल माझ्या पायातून सहज काढून घेतला. मी त्याच्या मागे धावलो आणि तो लांबच जात राहिला.

गुडघा अजिबात दुखत नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. दम संपला होता. छत्तीस वर्षांच्या माणसाचा दम संपतो तसा, रीतसर. मी थोडा वेळ आणखी खेळलो आणि मग बाकाकडे बघून स्वतःच हात वर केला.

"घुटना?" मॅथ्यू धावत आला.

"घुटना बढिया. मेरा हो गया. खलास," मी म्हणालो.

त्यानंतर मी लीगची मॅच खेळलो नाही. मला ना डॉक्टरांनी थांबवलं, ना कंपनीनं, ना त्या रेतीनं. मैदानाची रेघ मी माझ्या पायांनी ओलांडून बाहेर आलो. त्यासाठीच कॉन्ट्रॅक्ट मागितलं होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. डॉक्टर थॉमस, सिस्टर लिन्सी, मॅथ्यू, अगदी मिस्टर नबील यांचेही माझ्यावर उपकार आहेत. सुनंदाचे तर मी मोजणारही नाही.

घरी आलो तेव्हा तावडे येऊन बसले होते. मी सोफ्यावर पाय पसरला. सुनंदानं फ्रीज उघडला, बर्फाची पिशवी काढली आणि माझ्या गुडघ्यावर ठेवली. तावड्यांनी फ्रीजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चांगलं कूलिंग आहे हो," ते म्हणाले.